मॅट ब्लूमफिल्ड: एकच क्लब, अठरा वर्षं, ५५८ सामने

मैदानकाठी

मुलाचे लहानपणीचे कपडे कुणाला तरी देऊन टाकायचे म्हणून परवा खोका उघडला. त्यात आकाशी आणि गडद निळ्या रंगाची एक फुटबॉलची जर्सी निघाली. पाठीवर १० आकडा, त्याच्यावर ब्लूमफिल्ड. मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय, बाकी सगळं द्यायला तयार आहे, पण जर्सी देत नाही. मलाही ती द्यावीशी वाटेना. म्हणून हा धागा काढतोय.

आम्ही २०१३ साली नोकरीनिमित्त हाय वायकमला राहायला आलो. लंडनच्या वायव्येला, टेकड्यांच्या खोबणीत वसलेलं गाव. एके काळी इथे घरोघरी खुर्च्या बनायच्या, म्हणून इथल्या वायकम वाँडरर्स क्लबला 'चेअरबॉइज' म्हणतात. त्यांचं मैदान अ‍ॅडम्स पार्क. कारखान्यांच्या वसाहतीतून एकच रस्ता तिथवर जातो आणि तिथेच संपतो. मागे दाट झाडीची टेकडी, वर लाल घारी घिरट्या घालत असतात. माणसं मावतात साधारण दहा हजार, पण त्या वर्षी निम्मं मैदानही भरत नव्हतं. प्रीमियर लीगची तिकिटं परवडत नव्हती आणि घरापासून चालत जाता येत होतं, म्हणून मी सात वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे जाऊ लागलो.

ज्यांना इथली उतरंड माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये व्यावसायिक लीगचे चार मजले आहेत. सगळ्यात वर प्रीमियर लीगचे २० क्लब, मग चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. एकूण ९२. लीग टूच्या तळाला जे दोन संघ राहतात ते या ९२ मधून बाहेर फेकले जातात. खालच्या तिन्ही मजल्यांवर एका मोसमात ४६ लीग सामने, वर कप स्पर्धा वेगळ्या. शनिवार-मंगळवार, शनिवार-मंगळवार, ऑगस्ट ते मे.

मॅट ब्लूमफिल्डचा जन्म ८ फेब्रुवारी १९८४ चा, सफोकमधल्या फेलिक्सस्टो या बंदराच्या गावचा. जवळच्या इप्सविच टाउनच्या अकादमीत तो वाढला. इप्सविच २००२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आला आणि २००३ च्या सुरुवातीला दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला. पहिल्या संघात पाय रोवणं पोराला जमलं नाही. डिसेंबर २००३ मध्ये तो वायकमला आला. तेव्हा व्यवस्थापक, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक, होता आर्सेनलचा माजी कर्णधार टोनी अ‍ॅडम्स. पोराचं वय १९. त्याच मोसमात वायकम तळाला जाऊन सगळ्यात खालच्या मजल्यावर उतरला. कारकिर्दीची सुरुवात ही अशी.

पुढचा आलेख बघा. २००९ मध्ये वर. २०१० मध्ये खाली. २०११ मध्ये पुन्हा वर. २०१२ मध्ये पुन्हा खाली. २०१४ मध्ये लीगबाहेर जाता जाता वाचले. २०१८ मध्ये वर, २०२० मध्ये आणखी वर, २०२१ मध्ये खाली. चार बढत्या, ती पहिली धरून चार घसरणी, सहा व्यवस्थापक. त्यातला शेवटचा गॅरेथ एन्सवर्थ तर आधी त्याचा संघसोबतीच होता. एवढ्या काळात बदलला नाही तो हा एक माणूस.

मधल्या फळीतला खेळाडू म्हणून त्याच्यात काय होतं ते सांगतो. आम्ही गोलच्या मागे, उभं राहून बघायच्या स्टँडमध्ये असायचो. मैदान इतकं जवळ की चिखलातून बूट निघाल्याचा आवाज ऐकू येतो. लीग टूमध्ये चेंडू बराच वेळ हवेत असतो. दोन आडदांड गडी तो डोक्यावर घ्यायला उडी मारतात आणि सगळ्या मैदानाची नजर त्या दोन डोक्यांकडे लागते. ब्लूमफिल्ड त्या क्षणी वर बघतच नसे. तो आजूबाजूची माणसं बघायचा, अंदाज घ्यायचा आणि चेंडू डोक्याला लागायच्या आधीच चालू पडायचा. तिथे पोचेपर्यंत चेंडूही तिथेच पडत असे. याला इथे 'सेकंड बॉल' म्हणतात. मी मुलाला सांगितलं होतं, चेंडू बघू नकोस, दहा मिनिटं नुसतं दहा नंबरकडे बघ. त्या दहा मिनिटांत पोराला फुटबॉल कळायला लागला. गोलचे व्हिडिओ बघून हे कळत नाही, कारण व्हिडिओ सुरू होतो तेव्हा त्याचं काम उरकलेलं असतं.

आणि त्याला हे सगळं खराब मैदानावर करायचं होतं. २००२ ते २०१४ याच मैदानावर वॉस्प्स हा रग्बीचा मोठा क्लबही खेळायचा. रग्बीवाल्यांनी उकरलेल्या जमिनीवर जानेवारीत चेंडू जमिनीसरशी पुढे न्यायचा म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही.

दोन गोष्टी विस्ताराने सांगायच्या आहेत.

पहिली २००६ ची. मी तेव्हा इथे नव्हतो, पण जुन्या प्रेक्षकांकडून ती इतक्यांदा ऐकलीय की पाहिल्यासारखी वाटते. त्या मोसमात वायकमने सुरुवातीचे २१ लीग सामने एकही न हरता काढले होते. बढती हातात आल्यासारखी होती. जानेवारीत त्यांचा मधल्या फळीतला खेळाडू मार्क फायलो मोटार अपघातात गेला. वय २१, म्हणजे ब्लूमफिल्डच्याच बरोबरीचा आणि त्याच्याच जागेवर खेळणारा. पुढच्याच महिन्यात व्यवस्थापक जॉन गॉर्मन यांची पत्नी कर्करोगाने वारली. संघाची उमेदच गेली आणि बढतीही गेली. पुढच्या मोसमात हाच चौथ्या मजल्यावरचा क्लब फुलहॅम आणि चार्लटन या प्रीमियर लीगच्या संघांना त्यांच्या घरी हरवून लीग कपच्या उपांत्य फेरीत गेला आणि अ‍ॅडम्स पार्कवर चेल्सीला १-१ असं रोखलं. परतीच्या सामन्यात ४-० हरले, ते वेगळं. इथल्या म्हाताऱ्या लोकांना विचारलं तर चेल्सीचा विषय निघतो, पण मार्कच्या नावाशी आल्यावर ते थांबतात.

दुसरी ३ मे २०१४ ची, आमच्या पहिल्याच मोसमाचा शेवटचा दिवस. वायकम तळाच्या दोघांत, ब्रिस्टल रोव्हर्सच्या तीन गुण मागे. आपण टॉर्कीला जाऊन जिंकायचं आणि रोव्हर्सनी घरच्या मैदानावर हरायचं, तरच तगायचं. मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून उभा, मुलगा टेबलाखाली बसलेला. बायको फुटबॉल बघत नाही, पण त्या दिवशी तिने खरंच देव पाण्यात घातले होते. वायकम ३-० जिंकलं. मॅन्सफिल्डने रोव्हर्सना १-० हरवलं. दोघांचे ५०-५० गुण झाले आणि गोलफरकावर आम्ही वाचलो. शेजारचे आजोबा, ज्यांच्याशी तोवर फक्त हवेबद्दल बोलणं व्हायचं, कुंपणावरून वाकून माझा हात धरून रडले. त्या दिवसापासून हे गाव आमचं झालं.

२०२० आणि डोक्याच्या दुखापतीबद्दल प्रतिसादांत लिहितो. फार लांबलं.

रंकाळाकाठ

मैदानकाठी, मनापासून लिहिलंय. आम्ही कोल्हापूरची माणसं, शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघांसाठी जीव टाकणारी. त्यामुळे एका संघाला धरून राहणं म्हणजे काय ते कळतं. तरी एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. अठरा वर्षं खालच्या लीगमध्ये एकाच क्लबात राहिला ही निष्ठा, की वरच्यांनी बोलावलंच नाही? त्याची कुवत तेवढीच असेल तर आपण उगाच निष्ठेचा मुलामा देतोय का?

मैदानकाठी

रंकाळाकाठ, राग कशाला. हा प्रश्न मीही स्वतःला विचारलाय.

तो प्रीमियर लीगचा खेळाडू नव्हता हे उघड आहे. पण लीग वन-टूमध्ये त्याच्या दर्जाचे खेळाडू दर दोन वर्षांनी क्लब बदलतात. तिथले करारच एक-दोन वर्षांचे. थोडा जास्त पगार मिळाला, घराजवळचा क्लब मिळाला, व्यवस्थापकाशी पटलं नाही, की निघाले. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूला कुणी अडवू शकत नाही. म्हणजे जायला वरचाच क्लब लागतो असं नाही, आडवं जाणारे ढिगाने आहेत. तो गेला नाही. आणि दुसरी बाजूही बघा: सहा व्यवस्थापक आले, नवा आला की जुन्यांना नारळ देतो हा रिवाज आहे, तरी एकालाही त्याला काढावंसं वाटलं नाही. निष्ठा एकतर्फी असती तर अठरा वर्षं टिकली नसती.

कुवत 'तेवढीच' होती म्हणता, तर त्या तेवढ्याच कुवतीने त्याने रोजचं काम चोख केलं. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो याचसाठी.

अर्धवेळ

वाचतोय. मी स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर शिकवतो, त्यामुळे कराराचा भाग जास्त भिडला. तिथे करार संपताना नेमकं काय होतं?

मैदानकाठी

अर्धवेळ, मोसम मे महिन्यात संपतो आणि करार ३० जूनला. मे महिन्यात प्रत्येक क्लब यादी जाहीर करतो: याला ठेवलं, याच्याशी बोलणी चालू आहेत, याला सोडलं. बहुतेकांना आधी व्यवस्थापकाच्या खोलीत बोलावून सांगतात. पाच मिनिटांचं बोलणं असतं. तिशी ओलांडलेल्या, घरी दोन लेकरं असलेल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला मे-जून कसा जात असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यात वायकमची परिस्थिती हलाखीची. २०१२ पासून क्लब समर्थकांच्या न्यासाच्या मालकीचा होता. आमच्यासारख्या लोकांचा, म्हणजे पैसा नाहीच. अकादमी बंद करावी लागली होती. संघ किती तुटपुंजा होता ते ऐका: ऑगस्ट २०१५ मध्ये प्लिमथला सामन्यात गोलरक्षक जखमी झाला. बाकावर राखीव गोलरक्षक म्हणून बसला होता गोलरक्षकांचा प्रशिक्षक बॅरी रिचर्डसन, वय ४६. तो आत गेला, एकही गोल होऊ दिला नाही, आणि वायकम १-० जिंकलं. लोक आजही ही गोष्ट आनंदाने सांगतात, मीही सांगतो. पण ४६ वर्षांच्या माणसाला आत जावं लागलं, कारण दुसऱ्या गोलरक्षकाचा पगार परवडत नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात वेम्बलीवर बढतीचा अंतिम सामना साउथएंडशी होता. जादा वेळेच्याही शेवटी, १२२ व्या मिनिटाला त्यांनी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर ७-६ हरलो. मुलगा परतीच्या गाडीत एक शब्द बोलला नाही.

खारघर_एक्सप्रेस

२०२० चं सांगा ना. मी तेव्हा आकडे बघितले होते. आठव्या क्रमांकावरचा संघ तिसऱ्यावर आणून बसवला, हे कुठल्या गणितात बसतं? ज्यांची जागा गेली त्यांचं काय?

मैदानकाठी

सांगतो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे लीग वन थांबली. उरलेले सामने खेळवायचे नाहीत, दर सामन्यामागे किती गुण मिळाले त्यावर क्रम लावायचा असं ठरलं. वायकमचे ३४ सामन्यांत ५९ गुण. पीटरबराचेही ५९, पण ३५ सामन्यांत. तिसऱ्या ते पाचव्या क्रमांकावरच्या तिन्ही संघांचे ६०, तेही ३५ सामन्यांत. वायकमचा एक सामना शिल्लक होता, त्यामुळे सरासरी वर गेली आणि आठव्यावरचे आम्ही तिसऱ्यावर आलो. तिसरा ते सहावा असे चार संघ उरलेल्या एका बढतीसाठी आपसात खेळतात. पीटरबरा सहाव्यावर होता, तो सातवा होऊन त्यातून बाहेर पडला. त्यांच्या लोकांची तक्रार रास्त आहे, मी त्यांच्या जागी असतो तर मीही केली असती. पण बढतीसाठीचे ते सामने वायकमने मैदानातच जिंकले. १३ जुलैला वेम्बलीवर ऑक्सफर्डला २-१ हरवलं. १८८७ साली स्थापन झालेला क्लब पहिल्यांदाच दुसऱ्या मजल्यावर गेला.

आणि स्टँड रिकामे. नव्वद हजारांच्या वेम्बलीत खेळाडूंच्या हाका ऐकू येत होत्या. जो माणूस १९ व्या वर्षी तळाच्या संघात आला, तो ३६ व्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये पोचला, आणि आम्हाला टाळ्या वाजवायलाही जाता आलं नाही. मोसमभर हेच. डिसेंबरात काही दिवस मोजक्या लोकांना आत सोडलं, मग पुन्हा बंद. आम्ही घरात टीव्हीसमोर जर्सी घालून उभे राहायचो. बसून बघायचं नाही असं मुलाने ठरवलं होतं.

पहिले सातही सामने हरले. तरी शेवटपर्यंत झुंजले आणि ४३ गुणांवर थांबले. डर्बी ४४ गुणांवर तगला. पुढच्या मोसमात डर्बीचे हिशेबातल्या नियमभंगाबद्दल नऊ गुण कापले. तेच एक मोसम आधी कापले असते तर आम्ही वाचलो असतो. त्यामुळे खारघर, नियमाचा एकदा फायदा झाला आणि एकदा तोटा, दोन्ही आमच्याच वाट्याला आलं.

गेटवेचा_निळा

मुंबई सिटीचा समर्थक म्हणून इथे डोकावलो, ऑक्सफर्डचं नाव वाचून. आपला माजी प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मूळचा ऑक्सफर्डचाच. त्याच्या हाताखाली मुंबई सिटीने २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ऑक्सफर्ड युनायटेडला गेला आणि मे २०२४ मध्ये वेम्बलीवर बोल्टनला २-० हरवून चॅम्पियनशिपमध्ये नेलं. म्हणजे चार वर्षांपूर्वी वायकमने जे हिरावलं ते त्यांना मिळालं. तेव्हापासून मी लीग वनचे निकाल बघायला लागलो. या मजल्यावरच्या माणसांबद्दल मराठीत कुणी लिहीत नाही. लिहीत राहा.

फिजिओताई

डोक्याच्या दुखापतीबद्दल तुम्ही लिहिणार म्हणालात, त्याआधी थोडं मी लिहिते, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा. ती म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं नव्हे. बहुतेक खेळाडू शुद्धीत असतात, बोलतात, 'मी ठीक आहे' म्हणतात. मेंदू कवटीत हललेला असतो. डोकं जड होतं, उजेड सहन होत नाही, शब्द आठवत नाहीत, चिडचिड होते, झोप बिघडते. एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून कुणी गंभीरपणे घेत नाही. एक झटका भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

काही वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धेत मी बसले होते. एका मुलाचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला आणि चुकीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्याच्या प्रशिक्षकाने तोंडावर पाणी मारलं, पाठीवर थाप दिली, 'जा, मर्दा'. मी उठून अडवलं तेव्हा मलाच बाहेर जायला सांगितलं. मुलाला रात्री उलट्या झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. त्या प्रशिक्षकाला त्यात काही चुकलं असं आजही वाटत नसेल.

फुटबॉलमध्ये हेडिंगचा, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याचा, धोका वेगळा आहे. वेस्ट ब्रॉमचा जेफ अ‍ॅस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा मृत्यूचं कारण कामामुळे झालेला आजार असं नोंदवलं गेलं होतं, म्हणजे वर्षानुवर्षं डोक्याने मारलेले चेंडू. २०१९ मध्ये ग्लासगोच्या अभ्यासात दिसलं की माजी व्यावसायिक खेळाडूंचा मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या साडेतीन पट आहे. इंग्लंडमध्ये २०२१-२२ पासून सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरदार हेडर असा दंडक आला. सामन्यातल्या हेडर्सना मर्यादा नाही.

मैदानकाठी

फिजिओताई, तुम्ही उठून अडवलंत, त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

ब्लूमफिल्डचं असंच झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये सामन्यात डोक्याला मार लागला. आम्हाला वाटलं दोन आठवड्यांत येईल. सप्टेंबर गेला, दिवाळी झाली, नाताळ झाला. संघाच्या यादीत नाव नाही. गुडघा दुखावला की खेळाडू कुबड्या घेऊन दिसतो, लोक विचारपूस करतात. इथे माणूस वरून धडधाकट. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळणं थांबवल्याचं जाहीर केलं. अडतिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. ५५८ सामने.

बातमी आली तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळायचा. त्याने विचारलं, 'बाबा, मी हेडर मारायचं सोडू का?' मी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या प्रशिक्षकांकडे गेलो आणि सरावात हेडिंग किती होतं ते विचारून घेतलं. त्यांनी नीट ऐकलं. तो आजही खेळतो, पण डोकं आपटलं की स्वतःहून बाहेर येतो. एकदा त्यामुळे संघ हरला आणि मुलं त्याला बोलली. घरी येऊन तो म्हणाला, 'ब्लूमफिल्डही थांबलाच ना.'

रंकाळाकाठ

हे वाचून माझा वरचा प्रश्न मागे घेतो. पुढे काय करतोय तो?

मैदानकाठी

प्रश्न चांगला होता, मागे घेऊ नका.

पुढे प्रशिक्षण. २०२२ च्या शरदात कोलचेस्टरचा व्यवस्थापक झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये एन्सवर्थ लंडनच्या क्यूपीआर क्लबला गेला आणि त्याच आठवड्यात ब्लूमफिल्ड परत आमच्याकडे आला, तो व्यवस्थापक म्हणून. एप्रिल २०२४ मध्ये ईएफएल ट्रॉफी या खालच्या लीगमधल्या क्लबांच्या कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी संघाला वेम्बलीवर नेलं, पीटरबराकडून २-१ हरलो. यावेळी स्टँड भरलेले होते आणि आम्ही तिथे होतो. जानेवारी २०२५ मध्ये, वायकम लीग वनच्या वरच्या दोन जागांसाठी झगडत असताना, तो ल्युटनला गेला. गावात काही लोक चिडले. मला त्या दिवशी वाईट वाटलं, राग आला नाही. खेळाडू म्हणून जे पाऊल त्याने कधी उचललं नाही ते चाळिशीत उचललं. त्या मे महिन्यात ल्युटन चॅम्पियनशिपमधून खाली उतरलं. घसरण त्याला नवी नाही.

गेटवेचा_निळा

नोव्हेंबरात कामासाठी लंडनला येतोय, एक शनिवार मोकळा आहे. अ‍ॅडम्स पार्कला कसं यायचं? तिकीट आधी काढावं लागतं का?

मैदानकाठी

या ना! मेरिलबोन स्टेशनवरून हाय वायकमची गाडी पकडा. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, गोलमागच्या उभ्याच्या स्टँडचं. स्टेशनपासून मैदान लांब आहे, पण मी न्यायला येईन, चालत जाऊ. पायात जाड मोजे घाला, सिमेंटवर दोन तास उभं राहायचं आहे. मधल्या सुट्टीत पाय गारठतात. मुलगाही येईल. जर्सी त्याला होत नाही आता, तो ती मफलरसारखी गळ्यात गुंडाळून आणतो, त्यावरून ओळखाल.